एकशे पंधराचा पाढा

"दाजी, एकच सांगतो. इथं असेपर्यंत गुणाकार करायचा नाही."

हीथ्रो विमानतळावरून हाउन्स्लोच्या घरी नेताना मेहुण्याने गाडीतच हा कानमंत्र दिला. किंमत पौंडात वाचायची आणि पौंडातच विसरायची. रुपयांत आणली की घास घशाखाली उतरत नाही, हा त्याचा नऊ वर्षांचा अनुभव. नवा आलेला प्रत्येक जण गुणतो. मग पगार पौंडात जमा व्हायला लागतो आणि पाढा आपसूक विसरतो. माझी अडचण अशी, की मुक्काम होता बारा दिवसांचा, पगार कुठूनच जमा होणार नव्हता आणि उभी नोकरी सातारच्या एका सहकारी बँकेत गेलेली. त्या मे महिन्यात पौंड साधारण ११५ रुपयांना होता. एकशे पंधराचा पाढा शाळेत कुणी शिकवत नाही. मला तो इमिग्रेशनच्या रांगेत उभ्या उभ्या पाठ झाला.

मेहुण्याला आणि त्याच्या बायकोला सुट्टी नव्हती. त्यामुळे लंडन दाखवायचं काम माझ्या लेकीने अंगावर घेतलं. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे तिला सगळं येतं. तिने फोनवर यादी केली होती आणि प्रत्येक ठिकाणापुढे मिनिटं लिहिली होती. निघायची वेळ साडेआठ. निघालो पावणेदहाला, कारण आईने पहाटे उठून मेहुण्याच्या गुळगुळीत शेगडीवर दशम्या करायला घेतल्या आणि त्या शेगडीला जाळ दिसत नसल्यामुळे पहिल्या चार करपल्या. वीस दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं आणि वरून कंदी पेढे. एका दिवसाच्या लंडनसाठी एवढी शिदोरी का, असं विचारायची सोय नव्हती. आईच्या मते परमुलखात पहिल्यांदा अन्न महागतं आणि मग माणसं.

आईचं वय शहात्तर. वेश असा: सहावारी पातळ, त्यावर स्वेटर, त्यावर मेहुण्याच्या बायकोचं जाकीट, डोक्याला कानटोपी आणि पातळाखाली पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज. बायकोने हळूच सुचवलं, "आई, मे महिना आहे, कानटोपी राहू द्या." आईने खिडकीतून आभाळ बघितलं आणि टोपी आणखी खाली ओढली.

भुयारी रेल्वेच्या फाटकाशी पहिला धडा मिळाला. कार्ड टेकवायचं, फाटक उघडतं, आत जायचं. मी आत गेलो आणि तेच कार्ड मागे बायकोकडे दिलं. एसटीत एकाच्या पैशात घरचे सगळे येतात, या संस्कारात मी वाढलेला. फाटक उघडेना. माणशी वेगळं कार्ड लागतं, असं लेक दबक्या आवाजात ओरडली. चिरंजीव मात्र दहा वर्षांचा; अकराच्या आतलं पोर मोठ्या माणसाबरोबर फुकट जातं हे कळल्यावर मी दिवसभर त्याचा हात सोडला नाही. इतकं प्रेम त्याला साताऱ्यात कधी मिळालं नव्हतं.

सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं आणि डावीकडून घाईची माणसं जाऊ द्यायची, हा इथला अलिखित कायदा. आई मधोमध उभी. तिच्या मागे कोटातल्या माणसांची रांग साचत गेली. सगळे अतिशय हळू आवाजात "सॉरी" म्हणत होते. चूक आईची आणि माफी ते मागतायत, हे बघून आईला ती माणसं फार आवडली. तिने मागे वळून हात वर केला आणि "असू द्या, असू द्या" म्हणाली.

डब्यात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. एवढी माणसं एकत्र बसून इतकी शांत मी फक्त दशक्रियेला पाहिली आहेत. त्या शांततेत प्रत्येक स्टेशनावर ती सुप्रसिद्ध सूचना वाजायची. आईने सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं विचारलं, "सारखं सारखं काय सांगाय लागलीया ती?"

"गाडी आणि फलाटात फट आहे, सांभाळा म्हणते."

"आरं, सांगण्यापरीस बुजवत का न्हाईत?"

लंडनने जगातली पहिली भुयारी रेल्वे १८६३ साली सुरू केली. आईच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बकिंगहॅम राजवाड्यासमोर पोचलो तेव्हा राजवाडा दिसत नव्हता. दिसत होत्या नाना देशांच्या पाठी. पहारा बदलण्याचा सोहळा अकराला सुरू होतो, पण पुढच्या जाळीला चिकटलेली माणसं तिथे बहुधा मुक्कामालाच आली असावीत. माझ्यापुढे एक सहा फुटी गृहस्थ होते. त्यांनी फोन उंच धरला होता आणि त्या फोनच्या पडद्यावर मला सगळं नीट दिसलं. सात हजार किलोमीटर येऊन मी राजाचा पहारा दुसऱ्याच्या मोबाइलवर पाहिला. मध्येच त्यांना कुणाचा तरी फोन आला, तेवढा भाग माझा हुकला.

सोहळा म्हणजे काय, तर जुनी तुकडी राजवाड्याच्या किल्ल्या नव्या तुकडीच्या स्वाधीन करते. आमच्या सोसायटीत रात्रीचा वॉचमन दिवसपाळीवाल्याला चावी देतो, त्याला दहा सेकंद लागतात आणि त्यातली नऊ तंबाखूची पुडी परत मागण्यात जातात. इथे पाऊण तास लागतो. बँड मात्र झकास. आईने मान डोलवली, पण वाजंत्री आली आणि वरात कुठेच नाही, म्हणून ती जरा अस्वस्थ होती. मग तिला शिपायांच्या टोप्या दिसल्या. अस्वलाच्या कातड्याच्या, दीड फूट उंच, भुवयांपर्यंत ओढलेल्या. आईने सुनेकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"बघ. मे म्हैना हाय का न्हाई?"

त्यानंतर दिवसभर कानटोपीचा विषय निघाला नाही.

राजवाड्यावर युनियन जॅक फडकत होता. लेकीने माहिती पुरवली, की राजा घरात असला तर त्याचं स्वतःचं निशाण असतं. युनियन जॅक असला म्हणजे स्वारी बाहेर आहे.

"म्हंजी मालक घरात न्हाई?"

"नाही आज्जी."

"मग ही एवढी मानसं बघाय कुणाला आल्यात?"

सोहळा फुकट होता. गुणाकाराला काही वावच नसल्यामुळे की काय, मला तो बेताचाच रंगला.

शेजारी सेंट जेम्सेस पार्क. आईचे गुडघे बोलायला लागले होते, म्हणून जरा टेकू म्हटलं. हिरवळीवर पट्ट्यापट्ट्यांच्या कापडी आरामखुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. आईने एक हेरली, पदर सावरला आणि बसली. बसली म्हणजे आत गेली. ही खुर्ची माणसाला गिळते. वर फक्त कानटोपी आणि खाली पांढरे बूट उरले. "झ्याक हाय रं," असा आतून आवाज आला. इतक्यात एक हसतमुख पोरगा हातात यंत्र घेऊन हजर. खुर्च्या भाड्याच्या होत्या. त्याने तासाचा जो आकडा सांगितला तो मी आईला सांगितला नाही, पण माझा चेहरा तिने पन्नास वर्षं वाचलेला आहे.

"बसायचं पैसं?"

"हो."

"आन् उभं ऱ्हायाचं?"

"ते नाहीत."

"मग उठीव मला."

सांगणं सोपं होतं. मी एक हात, लेकीने दुसरा हात, बायकोने कमरेला आधार आणि चिरंजिवाने खुर्चीचा मागचा दांडा धरला. पहारा बदलण्याला जशी गर्दी होती तशी नाही, पण तीन-चार पर्यटक थांबलेच. त्या पोरानेही मदत केली आणि एवढ्या थोड्या वेळाचे पैसे घ्यायला नकार दिला. आईने त्याला कंदी पेढा दिला. त्याने तो चौकशी न करता तोंडात टाकला आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून आई म्हणाली, "चांगल्या घरचा हाय."

लाकडी बाक मात्र फुकट. तळ्याकाठी एक मिळाला आणि आम्ही दशम्यांचा डबा उघडला. समोर पेलिकन, म्हणजे चोचीखाली झोळी असलेले ते गलेलठ्ठ पक्षी, जहागीरदारासारखे बसले होते. एक आमच्या डब्याकडे बघत सरकत सरकत जवळ येत होता. लेकीने वाचून दाखवलं: हे पक्षी या बागेत १६६४ पासून आहेत, रशियाच्या वकिलाने दुसऱ्या चार्ल्स राजाला भेट दिले होते.

दुसरा चार्ल्स म्हटल्यावर माझ्या डोक्यात घंटा वाजली. मुंबई आंदण मिळाली होती तो हाच राजा. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिच्याशी लग्न ठरलं, १६६१ मध्ये करार झाला आणि वरदक्षिणेत मुंबई आली. त्याला ती नकोशीच झाली असावी. १६६८ मध्ये त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला भाड्याने देऊन टाकली. भाडं वर्षाला दहा पौंड.

मी दशमी हातातच ठेवून गुणाकार केला. १,१५० रुपये. मुंबई. वर्षाला. समुद्रासकट. सकाळपासून आम्हां चौघांच्या नुसत्या रेल्वेभाड्याला त्यापेक्षा जास्त गेले होते. दादरला आमच्या मावसभावाने मोटारसायकल लावायला जागा घेतली, त्याचा हिशेब मी मनातल्या मनात मांडून पाहिला आणि पाणी प्यायलो.

"बाबा, तेव्हाचे दहा पौंड म्हणजे आत्ताचे दहा नाहीत. साडेतीनशे वर्षांची महागाई धरा ना," लेक म्हणाली.

बँकेत आयुष्य काढल्यामुळे हे मला कळत होतं. पण महागाई धरली असती तर दुःखातली मजा गेली असती.

बायको इतका वेळ गप्प होती. ती डब्याचं झाकण लावत म्हणाली, "म्हणजे मेल्याने मुंबई भाड्याने दिली आणि पेलिकन ठेवून घेतले."

इंग्लंडच्या इतिहासावर मी बरीच पुस्तकं वाचली आहेत. इतकं नेमकं वाक्य एकातही नाही.

तिथून चालत पार्लमेंट चौकात. तिथे गांधीजींचा पुतळा आहे, २०१५ मध्ये बसवलेला, आणि थोड्याच अंतरावर चर्चिल. चर्चिल पाच पौंडाच्या नोटेवर आणि गांधीजी आपल्या सगळ्या नोटांवर. "बाबा, दोन्हीकडच्या नोटा एकाच चौकात," असं चिरंजीव म्हणाला. पोर माझ्या वळणावर जातंय, या जाणिवेने बायकोने माझ्याकडे बघितलं.

बिग बेन दिसल्यावर माझ्या तोंडून "बिग बेन!" असं निघालं आणि लेकीने मला शाळेत बसवलं. बिग बेन ही आतली घंटा. वजन साडेतेरा टनांच्या वर. मनोऱ्याचं नाव वेगळं, २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे मनोऱ्याला बिग बेनच म्हणतात. आम्ही साताऱ्यात नाही का पोवई नाक्याला पोवई नाकाच म्हणत, त्याचं कागदोपत्री नाव काहीही असो. मला जास्त आवडली ती लंबकाची गोष्ट. या घड्याळाच्या लंबकावर जुन्या काळातल्या पेनींची चळत ठेवलेली असते. एक पेनी वाढवली की घड्याळ दिवसाला दोन पंचमांश सेकंदाने पुढे जातं, एक काढली की तेवढंच मागे पडतं. अख्ख्या साम्राज्याचा वेळ चिल्लर सरकवून जुळवत होते. आमच्या बँकेतलं घड्याळ एवढ्या पैशांच्या शेजारी तीस वर्षं टांगलेलं होतं, पण कायम सात मिनिटं मागेच.

आई मात्र मनोऱ्याकडे ओळखीचं माणूस दिसावं तशी बघत होती.

"लगीन झाल्यावर तुझ्या बापानं मला म्हमईला न्हेलं हुतं. तवा असाच दाखवला हुता. राजाबाई."

बरोबरच होतं. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर याच धर्तीवर बांधलेला. आराखडा गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाचा, काम पुरं झालं १८७८ मध्ये. मी उत्साहाच्या भरात पुढेही सांगून बसलो, की प्रेमचंद रायचंद नावाच्या शेठजींनी त्यासाठी दोन लाख रुपये दिले आणि मनोऱ्याला आपल्या आईचं नाव दिलं.

आई थोडा वेळ काही बोलली नाही.

"पोरगा म्हणायचा त्यो," ती म्हणाली. "आन् तू मघाशी मला पाण्याची बाटली घिऊ दिली न्हाईस."

बाटली दीड पौंडाची होती. १७२ रुपये ५० पैसे. मेहुण्याच्या घरून नळाचं पाणी भरून आणलं होतं आणि इथलं नळाचं पाणी उत्तम असतं, हे मी सांगायला गेलो. पण त्या मनोऱ्याखाली ते वाक्य फार केविलवाणं वाटलं. मी बाटली आणली. आईने ती उघडली नाही. परत येताना साताऱ्याला आणली. आता ती देवघराच्या कोनाड्यात गंगाजलाच्या लोट्याशेजारी आहे.

नदीच्या पलीकडे लंडन आय, १३५ मीटर उंचीचा पाळणा. माणशी तिकीट तीस पौंडांच्या पुढे. चौघांचे तीस-तीसच धरले तरी १३,८०० रुपये, आणि आमच्या फुकट्या चिरंजिवालाही इथे तिकीट होतं. हे चक्र इतकं सावकाश फिरतं की खालून बघणाऱ्याला फिरताना दिसतच नाही. आई म्हणाली, "पाळणा बिघडलाय वाटतं." मी ते खोडलं नाही. लेकीने सांगितलं, की डबे बत्तीस आहेत पण आकडे तेहतीसपर्यंत जातात, कारण तेरा नंबरचा डबाच ठेवलेला नाही. बायकोचा चेहरा उजळला. आम्ही अमावास्या टाळून विमानाची तिकिटं काढली, म्हणून हीच लेक तिला आठवडाभर हसत होती.

पाळण्याचं तिकीट वाचलं या आनंदात होतो, तोवर एका ठिकाणी स्वच्छतागृहाच्या दाराशी पन्नास पेन्स मागितले. ५७ रुपये ५० पैसे. मी चिरंजिवाला विचारलं, खरंच लागलीय का? तो नाही म्हणाला. सातशे पावलं पुढे गेल्यावर हो म्हणाला. ज्यांना मुलं आहेत त्यांना पुढचं सांगायला नको.

दिवसभरात मला मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे ट्रॅफल्गर चौकातून मिळालेली १५ नंबरची बस. लाल, दुमजली, भाडं पावणेदोन पौंड. म्हणजे २०१ रुपये २५ पैसे, आणि एवढ्या पैशात सेंट पॉल कॅथीड्रलपासून टॉवर ऑफ लंडनपर्यंत अर्धं लंडन. पर्यटकांसाठी उघड्या टपाच्या बसगाड्या आहेत, त्या बऱ्याचशा हेच रस्ते कितीतरी जास्त पैशांत दाखवतात. वरच्या मजल्यावरची अगदी पुढची बाकं आम्हाला मिळाली. आई अंबारीत बसल्यासारखी बसली आणि समोरून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरांना हात करू लागली. त्यातल्या दोघांनी उलट हात केला.

इथेच चिरंजिवाने तो प्रश्न विचारला.

"बाबा, वाघनखं कधी बघायची?"

त्याला शाळेत सांगितलं होतं, की महाराजांची म्हणून सांगितली जाणारी वाघनखं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. तीच ती का, यावर इतिहासकारांत वाद आहे, पण ती इकडे आणली साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याने, म्हणजे वस्तू आमच्याच गावाहून आलेली. आणि २०२४ च्या जुलैमध्ये ती तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात परत आली. कुठे, तर साताऱ्यात. एसटी स्टँडाजवळच्या संग्रहालयात. कित्येक महिने तिथे होती.

"मग आपण तेव्हा का नाही बघितली?"

याचं खरं उत्तर असं, की गावातच आहे, बघू कधीतरी. रविवारी गर्दी असते, सोमवारी बँक असते, पाहुणे आले की एकदमच जाऊ. आमच्या घरापासून रिक्षाला चाळीस रुपये पडतात. मी उलटा भागाकार केला: पस्तीस पेन्स. ते वाचवून आम्ही लंडनला आलो होतो आणि वाघनखं तोवर साताऱ्याहून पुढे नागपूरला गेली होती. बसमध्ये यावर कुणीच काही बोललं नाही.

टॉवर ऑफ लंडनचं तिकीट माणशी पस्तीस पौंडांच्या आसपास. चार हजार रुपये. पण कोहिनूर न बघता परत गेलो तर साताऱ्यात काय सांगायचं? काढली तिकिटं. किल्ल्यात डोमकावळे पाळलेले आहेत. निदान सहा तरी कायम असावे लागतात. ते उडून गेले तर राज्य बुडेल, अशी समजूत आहे. आईने त्यांना दशमीचा तुकडा दाखवला. पितृपक्षाची सवय. पहारेकऱ्याने हसून मान हलवली, तेव्हा तिने तुकडा परत डब्यात ठेवला.

मग रत्नागार. अंधारी खोली, काचेमागे मुकुट, फोटोला बंदी. आणि मुकुटांसमोर जमिनीत सरकता पट्टा. उभं राहायचं, पट्टा आपल्याला मुकुटासमोरून पुढे नेतो. मला पंढरपूर आठवलं. तिथे विठ्ठलासमोर पोचतो न पोचतो तोच पाठीत हात बसतो आणि "चला माउली, पुढे चला." इथे ढकलायला कुणी नाही, जमीनच ढकलते. शिष्टाचाराला बाधा नाही आणि रांगही हलती राहते. आपल्या देवस्थानांनी विचार करण्यासारखी सोय आहे.

राजमातेच्या, म्हणजे सध्याच्या राजाच्या आजीच्या, मुकुटात कोहिनूर बसवलेला आहे.

"कुठाय?" आई म्हणाली. पट्ट्याने तिला पुढे नेलं.

आम्ही परत फिरून पुन्हा पट्ट्यावर आलो. चार हजारांत कितीही वेळा जाता येतं, हे कळल्यावर तर मी नेटाने फेऱ्या घातल्या. तिसऱ्या फेरीत आईला तो दिसला.

"एवढासा?"

मी सांगितलं, की १८४९ मध्ये लाहोरच्या तहात दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून तो घेतला तेव्हा १८६ कॅरटचा होता. इथल्या लोकांना त्याची चमक पसंत पडली नाही म्हणून १८५२ मध्ये पुन्हा पैलू पाडले आणि १०५ कॅरट उरला. हिऱ्याची मालकी कुणाची यावर चार देशांत वाद आहे. आईला त्या वादात रस नव्हता.

"सोनाराकडं दिलं की घट ही हुनारच," ती म्हणाली. "पर निम्मी? समोर बसून करून घ्यायचं असतं."

दहा वर्षांच्या दुलीपसिंगाचं ऐकून चिरंजीव मात्र बराच वेळ गप्प होता. तो अकराच्या आतला होता, पण त्याला काहीच फुकट मिळालं नव्हतं.

लेकीच्या यादीत शेवटी टॉवर ब्रिजचा सूर्यास्त होता. माझी यादी एका ओळीची होती आणि ती मी सकाळपासून खिशात ठेवली होती: १०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले ते घर. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं. मी साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलचा विद्यार्थी. बाबासाहेबही तिथलेच. ७ नोव्हेंबर १९०० रोजी 'भिवा रामजी आंबेडकर' या नावाने तिथे दाखल झाले; त्या तारखेला आपल्याकडे विद्यार्थी दिवस असतो. एकाच शाळेच्या हजेरीपटावर असल्याचा हक्क सांगण्याची एवढी एकच जागा मला लंडनमध्ये होती.

वाटेत एका स्टेशनात गाडी बदलायची होती. स्टेशनचं नाव 'बँक'. मला माहेरी आल्यासारखं वाटलं. पण बँकेच्या आत शिरल्यावर हव्या त्या खिडकीपर्यंत पोचायला माणसाला किती हिंडावं लागतं, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा काउंटरच्या बाहेरून कळलं. बोगदे, जिने, पुन्हा बोगदे. शेवटी मिळाली ती काळ्या रंगाची नॉर्दर्न लाइन. या लाइनला कॅम्डन टाउनला दोन फाटे फुटतात आणि अर्थातच आम्ही दुसऱ्या फाट्याला लागलो. एक स्टेशन पुढे जाऊन परत आलो. आईने विचारलं, "चुकलास व्हय?" मी म्हटलं, "फिरवतोय." चिरंजीव तेव्हा झोपला होता, त्यामुळे त्याला मी उचलून घेतलं होतं.

चॉक फार्मला उतरून घर गाठलं तेव्हा साडेसात वाजून गेले होते. शांत रस्ता, रांगेतली उंच घरं, त्यातल्या एका भिंतीवर नावाची गोल पाटी. आत संग्रहालय आहे, पण दिवसाची वेळ संपल्यामुळे दार बंद होतं. आम्ही बाहेरूनच नमस्कार केला. आईने बूट काढून केला.

धनंजय कीरांनी चरित्रात लिहिलंय, की लंडनात बाबासाहेब दुपारचं जेवण टाळायचे, दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसायचे आणि रात्री अभ्यास करताना भूक लागली की पापड भाजून कपभर दुधाबरोबर खायचे. मी हे सांगितल्यावर आईने दाराकडे पाहिलं, मग हातातल्या थैलीकडे पाहिलं.

लेक पायरीशी उभी राहून फोनवर काही वाचत होती. "बाबा, लंडनला त्यांनी डॉक्टरेटसाठी जो प्रबंध लिहिला त्याचं नाव माहितीये?"

मला माहीत होतं. आमच्या बँकेच्या कपाटात त्याची प्रत होती. मी बोललो नाही.

"'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी.' १९२३ मध्ये लंडनलाच छापलाय." तिने मान वर केली. "म्हणजे तुम्ही सकाळपासून तेच करताय की."

"त्यांनी रुपयाच्या प्रश्नाचा उगम आणि उपाय असं दोन्ही लिहिलंय," मी म्हटलं. "मी अजून उगमाशीच आहे."

बायको बऱ्याच वेळाने मोकळं हसली. आठ वाजले होते आणि ऊन अजून घरांच्या वरच्या खिडक्यांवर होतं. दिवेलागण झाल्याशिवाय आई रात्रीचं जेवत नाही. तिने तीनदा आभाळाकडे बघितलं आणि इथल्या सूर्याचा काही भरवसा नाही असं ठरवून समोरच्या बुटक्या कठड्यावर बसली. थैलीतून डबा काढला. दशम्या पाच उरल्या होत्या, बरोबर माणशी एक.

बसायचे पैसे मागायला कुणी आलं नाही.